घोडा उठला का?

वेस्टर्न सिनेमातल्या घोडेस्वारीचं माझ्यासमोर कौतुक नका करू. चेन्नईत पेरुंगुडीला आमचे घरमालक रावकाका, तंजावरी मराठी. तरुणपणी तमिळ काउबॉयपटांत ते हिरोच्या जागी घोडा पळवायचे. म्हणून एकदा मी मुद्दाम जुन्या वेस्टर्नची सीडी लावली. भरधाव घोडा कोसळला, हिरो उडी मारून निसटला. मी टाळी वाजवली.

"तंबी, परत लाव," काका म्हणाले.

तिसऱ्यांदा लावताना मी विचारलं, "एवढी आवडली उडी?"

"उडी कोण बघतंय? घोडा उठतो का बघतोय."

कॅमेरा दर वेळी हिरोमागेच जात होता.

"आमच्याही पिक्चरात इथंच कापलं. पायाला तार बांधून पाडायचे. माझी घोडी लक्ष्मी उठलीच नाही."

मी टीव्ही बंद केला.

"दुसऱ्या कुणाला पायाला हात लावू द्यायची नाही ती," काका म्हणाले. "म्हणून तार मीच बांधली होती."