बायोडाट्यातले 'मोअर ऑर लेस'

…आणि माझा गुन्हा काय, तर मी खरं बोललो! तुम्हाला सांगतो, ज्याने संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे, त्याने स्वतःच्या लग्नाच्या बायोडाट्यात उंची पाच फूट सहा इंच अशी ढोबळ कशी लिहू द्यावी, जेव्हा ती पाच फूट साडेपाच इंच आहे? मी मामांना इतकंच म्हणालो, "सहाच लिहायचं असेल, तर पुढे 'मोअर ऑर लेस' लिहा." झालं! अमृतरावमामांचं चाकूरला किराणा दुकान. त्यांना ते शब्द इतके आवडले, इतके आवडले, की त्यांनी ते प्रत्येक ओळीला लावले. शिक्षण : पीएचडी, मोअर ऑर लेस. नोकरी : प्राध्यापक, मोअर ऑर लेस. आणि भावंडं : एक बहीण, मोअर ऑर लेस! अहो, बहीण मोअर ऑर लेस कशी असेल? ती आहे! वर्षाराणी नाव आहे तिचं, दोन दिवस अबोला धरला तिने माझ्याशी! मोअर ऑर लेस म्हणजे फरक आहे, पण दुर्लक्ष करण्याइतका लहान. 'ठोका काहीही' असा त्याचा अर्थ नव्हे! पण सांगणार कोणाला?

मुलगी नायगावची. शिवकन्या. रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला. फोटो पाहिला आणि… असो. मला हे स्थळ हवं होतं, आणि त्यात अंदाजे असं काहीही नव्हतं. वेळ दिलेली दहाची. दहा वाजता मामा चाकुरातच दाढी करून राहिलेले, तोंडभर फेस, आणि फोनवर मुलीच्या वडिलांना सांगताहेत, "हाव चंद्रप्पा, पोचलोच समजा, मोअर ऑर लेस!" मध्ये दोन तालुके बाकी, आणि हे पोचलेच! सांगणार कोणाला?

साडेबाराला पोचलो. गार झालेला सुशीला, म्हणजे चुरमुऱ्यांचा उपमा, समोर आला. चंद्रप्पा म्हणाले, "पीएचडी झाली म्हना की." मी घसा साफ केला, "त्याचं असं आहे, प्रबंधाची प्रकरणं सात, त्यांपैकी चार…"

"झाल्यावानीच हाय हो! मोअर ऑर लेस!" मामा.

"नोकरी पर्मनंट?"

"तासिका तत्त्वावर, म्हणजे दर वर्षी नव्याने…"

"मोअर ऑर लेस पर्मनंट!"

तेव्हा शिवकन्याने मान वर केली. "मामा, आमच्या लॅबमधी असलं चालत न्हाई. हिमोग्लोबिन मोअर ऑर लेस लिहून दिलं तर पेशंटचे लोक मारायला येतेत." काय वाक्य! मला वाटलं, उठून टाळ्या वाजवाव्यात! आणि लगेच ती माझ्याकडे वळून, "तुम्ही बोला. मी पसंत हाय का न्हाई?"

होय म्हणायचं होतं हो, नुसतं होय! पण सवय! मनात आलं, ओळख अकरा मिनिटांची, एवढ्याशा माहितीवर ठाम विधान करावं का… आणि तोंडातून काय निघावं? "सध्या उपलब्ध माहितीनुसार… मोअर ऑर लेस, होय."

मामांनी मांडीवर थाप मारली. "आता कसं! भाचा मानसात आला!"

शिवकन्या उठली, आत गेली… मला वाटलं, संपलं! तर ती बाहेर आली शिलाईचा टेप घेऊन. "दाराला पाठ लावून उभे ऱ्हावा." राहिलो. काय करणार? "पाच फूट साडेचार."

"शक्यच नाही! मी स्वतः मोजली आहे!"

"बूट काढून का घालून?"

तुम्हाला सांगतो… घालून मोजली होती! मी! आतल्या दारातून तिच्या शांतम्मा आत्या पदर तोंडात कोंबून हसून राहिलेल्या, आणि मामा? मामा मला समजावतात, "इंचाचं काय घेऊन बसलास रे, मोअर ऑर लेस!" त्या क्षणी मात्र मला ते पटलं. सांगणार कोणाला?

आठ दिवस फोन नाही. आठ! नवव्या दिवशी आला, तिचाच. मी म्हणालो, "होकार की नकार, कृपया नेमकं सांगा."

"होकार हाय. नेमका. पन तुम्ही त्या दिवशी अर्धंच बोलला, ते आधी पुरं बोला."

मी ओरडलो, "पसंत! शंभर टक्के पसंत!"

पलीकडून सावकाश आवाज आला, "हे बूट घालून का काढून?"

काढून, म्हटलं. आता काय… जन्मभर काढूनच.