कल्याणप्पाची चुंबळ

गौराबाई : ही तुझ्या बापाची चुंबळ. निजामाच्या अंमलापासनं सात वर्सं उतरंडीत जपली. उद्या महांतप्पा पाटलाच्या डोक्यावर ठिवायची, आन् वर पेटी.

मल्लिनाथ : अव्वा, गावातल्या पोरांचं डोकं फिरलंय, तुझंही फिरलं का? दिल्लीत घटना मंजूर झाली. वकीलसाहेबांनी मला वाचून दाखवली. वेठ बंद. कुणाकडूनही जबरीनं काम घ्यायचं नाही.

गौराबाई : लागू कवा हुतीया?

मल्लिनाथ : पुढच्या महिन्यात.

गौराबाई : मंग उद्याचा दिस आपला. माझा माणूस तापानं फणफणलेला, आन् ह्याच पाटलानं अंमलदाराची लोखंडी पेटी त्याच्या डोक्यावर दिली. अणदूर ते नळदुर्ग. माघारी आली ती नुसती चुंबळ.

मल्लिनाथ : आपला खंडोबाही त्याच वाटेनं नळदुर्गाला जातो, दोन्ही गावांच्या लेखी करारावर. देव कागद पाळतो, अव्वा.

गौराबाई : देवाला पालखी असती. तुझ्या बापाला न्हवती.

(दाराची कडी वाजते. जुना पोलीसपाटील महांतप्पा काठी टेकत उंबऱ्याबाहेर उभा.)

महांतप्पा : मल्लिनाथ, सकाळी पोरं पेटी घिऊन येणार हायती. माझे गुडघे गेलेत. तू वकिलाकडं कारकून. त्यो नवा कायदा मला बी हाय का?

मल्लिनाथ : आहे, पाटील. सगळ्यांना आहे.

गौराबाई : तुझ्या बापाला मारणाऱ्याला बी?

मल्लिनाथ : त्यालाही. उद्या मी पेटीला आडवा होणार. तू आलीस तर तुलाही.

गौराबाई : बरं. बापावर गेलास. पाटील, पेटी न्हाय ठिवत कुणी. पर मागायचं ते नीट मागा. म्हणा, म्या माणूस हाय, जनावर न्हाय.

महांतप्पा : गौराबाई, ह्या वयात आता...

गौराबाई : जबरी न्हाय. कायद्यानं बंद हाय.

महांतप्पा : म्या... माणूस हाय. जनावर न्हाय.

गौराबाई : वळखीचं वाटतंय का?

महांतप्पा : कल्याणप्पा म्हणला हुता. चावडीफुडं.

गौराबाई : आन् तुमी?

महांतप्पा : हासलो हुतो.

गौराबाई : मल्लिनाथ, ह्यांना घरापतुर पोचीव. कुणाला हात लावू दिऊ नगंस.

महांतप्पा : लई उपकार झाले, बाई.

गौराबाई : उपकार कसले? कायदा राखंल तुमाला. लई वर्सं जगा, पाटील. ही चुंबळ तेवढी न्या, रोज उशाला घ्या.