गुडघे तिचे, चाल माझी

…आणि वर मलाच विचारते, काल लाँड्रीवाल्याच्या घरात तुम्ही इतका वेळ काय करत होता? आता तुम्हाला सांगतो, मी त्या लाँड्रीवाल्याचं घर आतून पाहिलेलं नाही. मी त्याच्या भिंतीला टेकून दम खात होतो. पण माणूस एका जागी उभा राहिला की मोबाइलला करमत नाही. तो उपग्रहाला विचारतो, उपग्रह अंदाजाने ठोकून देतो, आणि नकाशावर माझी निळी रेघ लाँड्रीवाल्याच्या स्वयंपाकघरातून न्हाणीघरात, न्हाणीघरातून परसात, पुन्हा स्वयंपाकघरात… आणि हे सगळं आमची ही खुर्चीत बसून, चष्मा पुसून, टीव्हीच्या पडद्यावर बघणार. चालायचं मी आणि फिरून यायचं हिनं!

तुम्ही म्हणाल, हे झालं कसं? अहो, जन्मभर आवक-जावकच्या टेबलावर बसलो. आलेला कागद इकडे, गेलेला कागद तिकडे, मी आपला मध्ये. म्हटलं, निवृत्त झालो की संध्याकाळी दोघांनी तळ्यापर्यंत चालत जायचं. गेलोही. ही पुढे, मी मागे, आणि वाटभर हिचं बोलणं. मग हिचे गुडघे गेले. जिना उतरणं बंद. हाडांचे डॉक्टर म्हणाले, काकू, गुडघे बदलून टाकू, पुन्हा तळ्यावर जाल. ही म्हणाली, विचार करते. आता आमच्या ऑफिसात ज्या फाइलीवर 'विचाराधीन' असा शेरा पडे, ती पुढे उंदरांनी हलवली तरच हलायची.

म्हणून मला अवदसा आठवली. म्हटलं, हिला तळं नुसतं दाखवावं. दिसलं की ओढ लागेल, ओढ लागली की ऑपरेशनला हो म्हणेल. जावयाला विचारलं. आमच्या जावयाचं उत्तर तयारच असतं, प्रश्न मागाहून आला तरी चालतो. 'सोपं आहे बाबा. निघताना हे बटण दाबायचं, आल्यावर बंद करायचं. तुमचा रस्ता रेकॉर्ड होतो. त्याची आपण टीव्हीवर टूर करू, टूर!' केली. काय सांगू तुम्हाला… आकाशातून घारीसारखे आपण खाली येतो, घरं उभी राहतात, झाडं उगवतात, आणि निळ्या रेघेवरून लाल टोपीवाला एक इवलासा माणूस तुरुतुरु चालत सुटतो. तो मी. ज्या चढावर मी दिसेल त्या कट्ट्यावर बसत गेलो, तो चढ हा पठ्ठ्या कमरेवर हात ठेवून चढतो. माझी अख्खी संध्याकाळ, चहा निवायच्या आत संपते.

ही बघत राहिली. तळं आलं. हिच्या डोळ्यांत पाणी. मी जावयाकडे पाहिलं, म्हटलं, जमलं! आता ही म्हणणार, ऑपरेशन करते. ही म्हणाली, 'परत लावा.'

तेव्हापासून माझे पाय माझे राहिले नाहीत. सकाळी हुकूम सुटतो. आज बाजारातून जा. उद्या माझ्या बहिणीच्या गल्लीतून, पण सरळ नको, दवाखान्यावरून वळून. परवा टेकडी. एकदा भर उन्हात पार स्टेशनामागून फिरून आलो आणि लक्षात आलं, बटण दाबायलाच विसरलो. तर म्हणते, म्हणजे गेलाच नाहीत. अगं, हा घाम? हे धुळीचे बूट? तर म्हणे, रेघ कुठाय? आता हे वाक्य कुणाचं? माझं! नोंद नाही म्हणजे कागद आलाच नाही, हे मी जन्मभर लोकांना ऐकवलं. पण तेव्हा मी खिडकीच्या आतल्या बाजूला होतो हो! गेलो पुन्हा. काय करता? चालायचं मी आणि फिरून यायचं हिनं.

शेवटी गाडी करून हिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, चालणं कितपत होतं? ही शांतपणे सांगते, 'रोज तळ्यापर्यंत जाऊन येते. काल टेकडी झाली.' डॉक्टर एकदा हिच्या गुडघ्यांकडे बघतायत, एकदा एक्स-रेकडे. मी म्हटलं, डॉक्टर, ती नाही जात, मी जातो, ती पडद्यावर… म्हणजे रेघ असते… त्या रेघेवर लाल टोपीवाला, तो मी, पण मला टोपी नाही… जसजसा समजावत गेलो, तसतसा त्यांचा चेहरा काळजीचा होत गेला. मला विचारतात, 'काका, झोप नीट लागते ना?'

परतताना गाडीत ही हळूच म्हणाली, 'भूल दिल्यावर उठलेच नाही, तर तुम्ही एकटेच फिराल का हो?' म्हटलं, अगं, आत्ता कुणाबरोबर फिरतोय मी? तर म्हणते, 'मी बघत असते ना.'



काल डॉक्टरांच्या माणसाचा फोन आला, ऑपरेशनसाठी धरून ठेवलेली तारीख ठेवायची की दुसऱ्याला द्यायची, आत्ता सांगा. मी फोन कानाला लावून तसाच हिच्यासमोर उभा राहिलो. म्हटलं, अगं, शेवटचं विचारतो. पुन्हा दोघांनी जायचंय की नाही तळ्यावर?

मान तिरकी करून माझ्या पलीकडे टीव्हीत बघत म्हणाली, 'जरा बाजूला व्हा हो, तुम्ही आत्ता तळ्याशी पोचताय.'

झालो बाजूला.