व्हेनिसचे पूल

क्लेमेंटीच्या बसस्टॉपवर गार्गीच्या पुढे सत्तरीचं एक जोडपं उभं होतं. इथे कुणाला मराठी कळतंय, अशा थाटात दोघं मोकळ्या आवाजात बोलत होती.

"तीन दिवस व्हेनिस. माझं ठरलंय."

"मालती, तिथे रस्त्यांच्या जागी पाणी आहे. मी होडीत पाय ठेवणार नाही, तुला लग्नापासून माहीत आहे."

"म्हणून तर चालायचं. पूल आहेत की जागोजागी."

"पायऱ्यांचे पूल. आणि तुझे गुडघे?"

"महिनाभर मला लिफ्टमध्ये पाहिलंत? आपल्या कुशलच्या आठव्या मजल्यावरच्या घरापर्यंत रोज जिन्याने चढतेय."

"तू तर म्हणायचीस, खाली गप्पा मारत थांबले म्हणून उशीर झाला."

"खरं सांगितलं असतं तर चढू दिलं असतंत?"

बस आली. आजोबा रांगेतून बाजूला झाले.

"अहो, कुठे निघालात?"

"हार्बरफ्रंटला. तिथून बोटी सुटतात. आज बसून बघतो."

"मळमळलं म्हणजे?"

"मळमळू दे. तू एवढे जिने चढलीस, मी तासभर बोटीत बसेन."

मग ते गार्गीकडे वळले. "एक्स्क्यूज मी, बस फॉर हार्बरफ्रंट?"

गार्गीने पर्समधली आवळासुपारीची डबी पुढे केली.

"समोरच्या स्टॉपवरून मिळेल, काका. बोटीत ही सुपारी तोंडात धरा."