मोठीमायचं शेवटचं कडवं

जमलेल्या वडीलधाऱ्यांनो, आयाबहिणींनो, आणि समोर बसलेल्या सुमन, तुझी सासू गेली म्हणून आपण सगळे इथं आलो. या मंडपात मी नेहमी टाळ घेऊन उभी असते. रिकाम्या हातानं काय बोलावं, ते सुचत नाही. दहावीपर्यंत शिकलेली बाई मी. मंडळाचा जमाखर्च लिहिते, भाषण कधी लिहिलं नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

आपण सगळे तिला मोठीमाय म्हणायचो. तिनं आपल्या मंडळाला स्वतःची भजनं दिली. सैपाक करता करता रचलेली. कागद नाही, पेन नाही. इकडं भाकर थापायची, तिकडं ओळ जुळवायची. पण एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. तिचं एकही भजन पूर्ण व्हायचं नाही. तीन कडवी व्हायची आणि गाडी थांबायची. मग आपण "विठ्ठल विठ्ठल" करून वेळ मारून न्यायचो.

आपले मृदंगवाले नामदेवभाऊ इथं बसले आहेत. ते तिला चिडवायचे, "मोठीमाय, तू मले चढवतं अन् पळून जातं. माह्या मृदंगानं उतरावं तरी कुठं व?"

ती म्हणायची, "पायऱ्या बांधणं चालू हाये नामदेवा. तोवर वरच बस."

हसू नका म्हणत नाही मी. हसा. तिला रडकी माणसं आवडतच नव्हती.

का थांबायचं तिचं भजन? आपण किती कारणं काढली! कोणी म्हणालं, घरकामातून वेळ नाही. मग सुमन आली, चूल सुमननं घेतली, वेळच वेळ झाला. भजन तिथंच. कोणी म्हणालं, वयानं आठवत नाही. अहो, जिला गावातल्या प्रत्येक लेकराचा जन्मवार आठवतो, तिला चार ओळी आठवणार नाहीत? आणि आम्ही बायकांनी तर हद्द केली. भजनाला नजर लागली म्हणून मीठ-मिरच्या ओवाळून तिची दृष्ट काढली! ती खोकून खोकून म्हणाली, "भजन राह्यलं बाजूले, माहाच जीव घेता का व बायांनो?"

मग ती आजारी पडली. शेगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदय थकलं आहे, जपा. त्यानंतर सप्ताह आला. आम्ही मंदिराच्या मागं प्रसादाच्या पराती चिंचेनं घासत होतो. ती ओट्यावर बसून होती. तिला काम करू देत नव्हतो, म्हणून तोंड चालू. मध्येच थांबली आणि म्हणाली, "सुनंदे, मी गेली की हे भजनं अर्धेच राह्यतीन व. अर्ध्याले कोण विचारते? दोन वर्षांत इसरतीन सारे."

मी म्हटलं, "मग पूर्ण कर ना. काऊन थांबतं तू?"

आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिनं खरं सांगितलं. म्हणाली, "शेवटच्या कडव्यात नाव घालावं लागते. अमका म्हणे, तमकी म्हणे. ते संतायचं काम हाये. त्यायच्या पंगतीत मी जाऊन बसू का? देवाच्या दारात सही करणारी मी कोण व?"

ऐकलं? शब्द होते. चाल होती. वेळ होता. फक्त स्वतःचं नाव घ्यायची लाज होती. एवढ्याशा लाजेपायी सगळी भजनं दारात येऊन उभी होती, आत येत नव्हती.

माझ्या हातात जी परात होती, तिच्यावर नाव कोरलेलं होतं. मोठीमायच्या सासूचं. तिनं मंदिराला दिलेली परात. मी ती तिच्या पुढं धरली. म्हटलं, "हे नाव तुझ्या सासूनं मोठेपणासाठी टाकलं का?"

"नाही व. भांडं कोणाचं ते समजावं म्हणून. चेपलं, फुटलं तर कोणाले सांगावं, म्हणून."

मी म्हटलं, "मीबी मंडळाच्या हिशेबाखाली सही करते. काही चुकलं तर मले पकडा, एवढाच तिचा अर्थ. तुझं नावही तसंच समज."

ती परातीकडं पाहत राहिली. अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हणजे भजन चुकलं, त देवानं मले पकडावं?"

"हाव."

"हे जमते," ती म्हणाली. "पकडाले तरी येईन तो!"

पुढच्या एकादशीला ती भिंतीला टेकून बसली. ते चुलीचं भजन घेतलं. "चुलीपाशी माझ्या बैस पांडुरंगा, नको मला रांगा दर्शनाच्या." एक कडवं झालं, दोन झाली, तीन झाली. आम्ही सवयीनं "विठ्ठल विठ्ठल" सुरू केलं. तिनं हात वर केला. आम्ही टाळ थांबवले. आणि ती गायली,

"म्हणे द्वारका ही, गोड मानी घास,
उणे मीठ त्यास, मला सांग."

आठवतं ना? नामदेवभाऊंनी मृदंग असा उतरवला की मंडपातली लेकरंसुद्धा टाळ्या वाजवायला लागली. ते ओरडले, "आज पाय जमिनीले लागले व मोठीमाय!"

मग तिनं थांबणं सोडलं. बिछान्यावर पडून एकेका भजनाला शेवटचं कडवं दिलं. धाप लागायची. सुमन म्हणायची, "आत्याबाई, राहू द्या आता." ती म्हणायची, "तू पाणी दे, मी ओळ देते." मी रोज दुपारी जायची आणि ऐकून पाठ करायची. गेली त्याच्या आदल्या दिवशी तिनं माझ्याकडून सगळी म्हणवून घेतली. शेवटचं झाल्यावर म्हणाली, "आता कोणतंच उभं नाही राह्यलं दारात." एकही अर्धं ठेवलं नाही हो तिनं. एकही नाही.

म्हणून मी आज हरल्यासारखी बोलणार नाही. माझी मोठीमाय जिंकून गेली.

एक शेवटचं सांगते. तिचे मालक गेले, तेव्हा मंदिराच्या फळ्यावर सूचना लिहायची होती. मागे पत्नी आहे, एवढंच लिहिलं, कारण तिचं नाव लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं. काल फळा लिहिताना मी मुद्दाम बाजूला उभी राहिले, विचारलं तर सांगावं म्हणून. कोणी विचारलं नाही. लिहिणाऱ्यानं सरळ खडू घेतला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, द्वारकाबाई. साऱ्या गावाला नाव पाठ आहे. तिनंच तर शिकवलं.

तेव्हा आयाबहिणींनो, घरात कोणाचं काही अर्धं पडलं असेल, कोणाचं गाणं, कोणाची रांगोळी, कोणाचं विणकाम, तर वेळ नाही म्हणण्याआधी एकदा पाहा. नाव घ्यायची लाज तर आडवी येत नाही?

नामदेवभाऊ, मृदंग घ्या. शेवटचं कडवं सगळे मिळून म्हणू. मग टाळ खाली ठेवू, डोळे मिटू, आणि देवाला तिच्या हातचा घास चाखायला थोडा वेळ देऊ. मीठ कमी असेल तर तो तिलाच सांगेल.

उभे राहा सगळे. म्हणे द्वारका ही...