जेवढं हातात, तेवढ्याचीच सही

शेवंताला निरोप द्यायला कुरवंड्याहून, औंढ्याहून कामाचा खाडा करून आलेल्या बायांनो, आणि रेखा, बाळ. मला रडत बोलता येत नाही. म्हणून थोडक्यात बोलते.

शेवंता माझी विद्यार्थिनी. शाळेतली नव्हे, चाळिशीत माझ्या साक्षरता वर्गाला आली. दिवसभर कारखान्यात चिक्की पाकिटात भरायची, मग माझ्यासमोर पाटी घेऊन बसायची. मी रागावले की म्हणायची, "बाई, छडी न्हाई तुमच्याकडं, तरी हात आपसूक पुढं येतोय."

सही जमली त्या दिवशी फुटक्या चिक्कीची पुडी घेऊन आली.

पुढे एकदा आली ती रिकाम्या हातानं. कारखान्याच्या भिंतीवर सरकारी किमान वेतनाचा कागद लागला होता. तो तिनं वाचला होता. हातात पडायचं ते त्याहून कितीतरी कमी. पगाराच्या वहीत सही मात्र पुऱ्या रकमेची.

"बाई, जे मिळालंच न्हाई, त्याची सही करू का?"

मी काय सांगितलं? मी, शिकलेली बाई, काय सांगितलं? "कर सही. काम टिकव."

तिनं ऐकलं. वर्षानुवर्षं ऐकलं. कमी पडायचं ते भरून काढायला संध्याकाळी तुंगार्लीच्या बंगल्यांत भांडी घासली. माझा वर्ग सुटला. छातीत कळ आली तर दवाखाना नाही, आल्याचा चहा. लेकीला, या रेखाला, नर्सिंगला घालायचं होतं. रेखा आज त्याच टेबलावर चिक्की भरते.

गेल्या पगाराला शेवंतानं सहीशेजारी हातात आलेला खरा आकडा लिहिला. उद्यापासून येऊ नकोस, असं तिला तिथंच सांगितलं. माझ्याकडे आली तेव्हा हसत होती. "नीट लिवलंय बाई. लाल रेघ न्हाई मारायच्या तुमी."

आठवड्यात त्याच कळेनं गेली.

मी तिला सही शिकवली, एवढंच माझ्या लक्षात राहिलं. मी तिला वाचायलाही शिकवलं होतं. ते तिच्या लक्षात राहिलं.

काल रेखानं विचारलं, "बाई, या पगाराला मी काय करू?" रेखा, या वेळी मी 'कर सही' म्हणणार नाही. 'करू नकोस' असंही नाही. चूल तुझी आहे. पण पगाराच्या दिवशी मी तुझ्याशेजारी उभी असेन. तिथून कोणाला घालवायचंच असेल, तर आधी मला घालवू देत.

आता उठा सगळ्या. दोन मिनिटं कोणी बोलू नका.

शेवंता, चुकलं माझं. हात पुढे केलाय मी.