टोकाची खिडकी

बायको: अहो, मघाशी बरं होतं. आता फोटोत उजवी बाजू निम्मी कापलीत तुम्ही.

नवरा: उजवीकडे बघण्यासारखं काही नाहीये.

बायको: हॉस्पिटलवाल्यांना कॅलेंडरवर अख्खी इमारत हवीय. अर्धी छापून काय लोकांना अर्धंच बरं करणार?

नवरा: डावीकडचा जिना बघ ना. ऊन तिरपं लागलं की वीट न वीट उठून दिसेल. उजवीकडे नुसत्या खिडक्या.

बायको: त्याच खिडक्यांसाठी या समोरच्या गच्चीवर सामान चढवलं ना आपण? संध्याकाळी वरच्या रांगा उजळून निघतील, असं तुम्हीच म्हणालात.

नवरा: म्हणालो असेन.

बायको: तिसरा मजला, टोकाची खिडकी. तीच टाळताय ना?

नवरा: तिचा पडदा बंद आहे. बाकी सगळे उघडे. एकच बंद असला की नजर तिथेच अडकते.

बायको: मग उघडायला सांगू. इतकी वर्षं तुमच्या फोटोंसाठी पडदे सारखे करायला आत कोण जातंय? मीच ना?

नवरा: आज नको. नंतर कॉम्प्युटरवर बघतो काय ते.

बायको: ठमीची खोली होती, एवढं म्हणा की. पोरगी गेल्यापासून तुम्ही तिचं नावही घेतलं नाहीत.

नवरा: म्हणूनच तुला येऊ नको म्हटलं होतं. हे काम मी घ्यायलाच नको होतं.

बायको: मला यायचं होतं.

नवरा: बरं, तो स्टँड जरा घट्ट धर.

बायको: आलं बघा ऊन.

नवरा: हं.

बायको: केवढं येतं हो! शेजारच्या खोलीची आतली भिंतसुद्धा पिवळी झाली.

नवरा: पश्चिमेची बाजू आहे. या दिवसांत थेट आत जातं.

बायको: आणि मी पडदा ओढून बसायचे.

नवरा: तिला उजेड सोसत नव्हता. नर्सनेच सांगितलं होतं.

बायको: ते आधी. शेवटी शेवटी तीच म्हणायला लागली होती, आई, उघड ना. मी म्हटलं, झोप बाळा, उद्या उघडू. पुन्हा म्हणाली, तेव्हा रागावले तिच्यावर. मला वाटलं, तेवढीच झोप लागेल तिला.

नवरा: हे कधी बोलली नाहीस.

बायको: कुठल्या तोंडाने बोलू?

नवरा: तू निदान जवळ होतीस. मला त्या खोलीत बसवत नव्हतं. औषधं आणतो म्हणून निघायचो आणि खाली पायरीवर बसून राहायचो.

बायको: माहितीय मला. खिडकीतून दिसायचात. बरं, आता रडू नका. लेन्स पुसायचं फडकं एकच आहे.

नवरा: कुठे निघालीस?

बायको: समोर, त्या खोलीत. पडद्याचं विचारून येते.

नवरा: फोटोसाठी नको गं. खरंच नको.

बायको: फोटोसाठी नाही. तिथेही कुणीतरी माझ्यासारखीच बसली असेल.

(थोड्या वेळाने, फोनवर.)

नवरा: कुठे आहेस?

बायको: खोलीतच. एक मुलगा आहे, ठमीएवढाच. आई बाकावर गाढ झोपलीय. किती दिवसांची जागी असेल, कुणास ठाऊक. नर्स म्हणाली, उघडायला हरकत नाही. मग त्यालाच विचारलं. म्हणाला, पूर्ण उघडा.

नवरा: उघडलेला दिसतोय मला.

बायको: पांघरुणावर ऊन आलंय त्याच्या. हात फिरवून बघतोय.

नवरा: तू खिडकीत आली आहेस. जरा बाजूला... नाही, राहू दे. तिथेच थांब.

बायको: फोटोत येईन ना मी.

नवरा: येऊ दे. कॅमेरा परत उजवीकडे वळवलाय. टोकापर्यंत सगळं घेतलंय.

बायको: खिडकी नीट येतेय?

नवरा: येतेय. आपल्या ठमीची खिडकी छान येतेय.

बायको: काय म्हणालात?

नवरा: ठमीची खिडकी म्हटलं.

बायको: हो. हा विचारतोय, ऊन किती वेळ असतं?

नवरा: अजून दहा मिनिटं. फार तर थोडं जास्त.

बायको: तुम्ही सामान आवरायला घ्या. मी ऊन जाईपर्यंत इथे बसते.